हॉफनर, हॅगस्ट्रॉम, बर्न्स आणि मंडळी: जुन्या युरोपियन गिटारींचा रिव्ह्यू, मुख्यतः पिकअपसाठी

व्हिंटेज इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की लोकांच्या तोंडी दोनच नावं, फेंडर आणि गिब्सन. त्यात वावगं काही नाही, त्या गिटारी भारीच आहेत. पण झालंय काय की त्याच काळात जर्मनी, स्वीडन, इंग्लंड, इटली, चेकोस्लोव्हाकिया इथे ज्या ढीगभर गिटारी बनल्या त्यांच्याकडे लोक एकतर भिंतीवर टांगायची वस्तू म्हणून बघतात नाहीतर "गरिबाची कॉपी" म्हणून नाक मुरडतात. कॉपी हे तर मला अजिबात पटत नाही, कारण यातल्या कितीतरी कारागिरांना कॉपी करायला अमेरिकन गिटार हातातच मिळत नव्हती. ब्रिटनमध्ये १९५१ ते १९५९ अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते, १९५९ मध्ये गायक क्लिफ रिचर्डने त्याचा गिटारिस्ट हँक मार्विनसाठी अमेरिकेतून फेंडर स्ट्रॅटोकास्टर मागवली ती त्या देशातल्या पहिल्या काही स्ट्रॅटपैकी एक मानतात. मग मधली सगळी वर्षं ती पोरं वाजवत काय होती? हेच, ज्याचा मी आज रिव्ह्यू लिहितोय.

आधीच सांगून टाकतो, मी या गिटारींच्या प्रेमात आहे पण आंधळा नाही. बऱ्याच जणींचा नेक (दांडा) बेकार, स्विच विचित्र, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) जागेवर थांबत नाही. तरीही घ्यावीशी का वाटते तर पिकअपमुळे, म्हणजे तारांच्या थरथरीचा विजेचा सिग्नल बनवणाऱ्या भागामुळे. त्यातला आवाज आजच्या कुठल्याच रेडीमेड पिकअपमध्ये तसाच्या तसा सापडत नाही, आणि त्याला कारण आहे, उगाच नॉस्टॅल्जिया नाही.

कारण असं, की हे लोक गिटारवाले नव्हतेच मुळात. कार्ल हॉफनरने १८८७ मध्ये बोहेमियातल्या शोनबाखला व्हायोलिन बनवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन लोकांना हाकलून दिलं तेव्हा हे सगळे वाद्यकारागीर बव्हेरियात बुबेनरॉइट नावाच्या एवढ्याशा गावात येऊन वसले आणि गावाची लोकसंख्या बघता बघता कैक पटींनी वाढली. हॉफनर तिथे, फ्रेड विल्फरने १९४६ मध्ये काढलेली फ्रामुस पण नंतर तिथेच. काही कारागीर पूर्व जर्मनीच्या बाजूला मार्कनॉइकिर्शेनकडे राहिले, तिथून पुढे मुझिमा आली. तिकडे स्वीडनच्या एल्व्हडालेनमध्ये हॅगस्ट्रॉम १९२१ पासून अकॉर्डियनच्या धंद्यात, इटलीत रेकानाती आणि कास्तेलफिदार्दो हा अख्खा पट्टाच अकॉर्डियनवाल्यांचा. आता १९५० च्या शेवटी शेवटी रॉक अँड रोल आलं, पोरांना अकॉर्डियन नको झालं, कारखाने तर उभे आहेत, सेल्युलॉइडच्या चमकणाऱ्या शीट गोदामात पडून आहेत, रजिस्टर बदलायची बटणं आहेत, मग तेच सगळं उचलून गिटारीवर चिकटवलं! म्हणून त्या काळच्या एको किंवा पहिल्या हॅगस्ट्रॉम बघितल्या की स्पार्कल फिनिश, मोत्यासारखं प्लास्टिक आणि वर बटणांची रांग, असं दिसतं. दिसायला लग्नातल्या बँडसारखं असेल पण माझ्या डोळ्यांना ते आवडतं.

पिकअपचंही तसंच झालं. कोणी कोणाला विचारलं नाही, ज्याच्या वर्कशॉपमध्ये जे होतं त्यातून त्याने कॉइल गुंडाळली. त्यामुळे प्रत्येक गावाचा पिकअप वेगळा, कॉइलची रुंदी वेगळी, मॅग्नेट वेगळा, कव्हर वेगळं.

आता थोडं टेक्निकल, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचा पॅरा सोडा.

पिकअप म्हणजे मॅग्नेटभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. लोक मल्टीमीटर लावून किलोओहम बघतात आणि "हा तर फक्त सहा दाखवतोय, वीक असणार" म्हणून गिटार परत ठेवतात. अहो तो आकडा तारेचा रेझिस्टन्स आहे, तार जाड की बारीक यावर बदलतो, खोलीच्या तापमानाने सुद्धा थोडा हलतो. आवाज ठरवायला त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे इंडक्टन्स, आणि तो तुमच्या केबलच्या कपॅसिटन्सबरोबर मिळून एक रेझोनंट पीक बनवतो, म्हणजे ठराविक फ्रिक्वेन्सीला आवाज टेकडीसारखा वर येतो आणि त्याच्या पुढे ढासळतो. वेढे कमी तर इंडक्टन्स कमी, पीक वर सरकतो, आवाज उघडा आणि काचेसारखा. वेढे जास्त तर पीक खाली येतो, आवाज जाड आणि दाबलेला. शिवाय कॉइल रुंद आणि चपटी असली की ती गिटारीच्या तारेचा जास्त लांबीचा तुकडा "ऐकते", त्यामुळे आवाजाचं टोक थोडं मऊ होतं. युरोपियन पिकअपमध्ये बऱ्याचदा हे दोन्ही एकत्र सापडतं, वेढे फार नाहीत पण कॉइल रुंद. म्हणून आवाज एकाच वेळी उघडा पण आहे आणि टोचत पण नाही. स्ट्रॅटसारखा चटकदार नाही, गिब्सनच्या पी-नाइन्टी पिकअपसारखा गुरगुरणारा नाही, मधलंच काहीतरी. मला विचाराल तर व्हॉल्व्ह ॲम्पला किंचित वरपर्यंत ढकललं की हा आवाज जो उमलतो ना, त्यासाठी बाकी सगळी कटकट सहन करायची तयारी आहे माझी.

चला आता एकेक घेऊया.

बर्न्स पासूनच सुरू करतो कारण पिकअपच्या बाबतीत माझ्या यादीत हाच पहिला. जिम बर्न्स हा इंग्लंडमधला अत्यंत डोकेबाज आणि धंद्याच्या बाबतीत तेवढाच गोंधळलेला माणूस, १९६५ मध्ये कंपनी अमेरिकेच्या बाल्डविन पियानोवाल्यांना विकली गेली, ज्यांना खरं तर फेंडर कंपनी हवी होती पण ती अमेरिकेच्या सीबीएस कंपनीने पळवली. बर्न्सचा ट्राय-सॉनिक पिकअप बघा. बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायची रीळच नाही! कॉइल गुंडाळून टेपमध्ये बांधलेली, आत सिरॅमिक मॅग्नेट, आणि वर क्रोमचं मोठं कव्हर. आवाज रुंद, घंटेसारखा, थोडा नाकातला. क्वीन बँडच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर १९६३ पासून जी गिटार घरी बनवायला घेतली, रेड स्पेशल, तिला आधी त्याने स्वतःचेच पिकअप बनवून बसवले होते पण तार बेंड केली की त्यातून भलताच आवाज यायचा, मग बर्न्सचे तीन ट्राय-सॉनिक आणले. पण हे पिकअप मायक्रोफोनिक, म्हणजे कॉइल सैल असल्याने व्हॉल्यूम वाढवला की शिट्टी मारणार, तर त्याने ते चक्क अराल्डाइट नावाच्या गोंदात बुडवून घट्ट केले आणि तिन्ही सिरीजमध्ये जोडून प्रत्येकाला ऑन-ऑफ आणि फेजचा स्विच दिला. क्वीनचा तो अख्खा गिटार ऑर्केस्ट्रा म्हणतो आपण, तो या बॉबिन नसलेल्या पिकअपमधून आलाय. आणि तरी लोक बर्न्सला अंडररेटेड ठेवतात, कमाल आहे.

बाकी बर्न्सच्या बायसन आणि मार्विन या मॉडेलची किंमत आता अंडररेटेड राहिलेली नाही, हे पण खरं. बायसनवर वाइल्ड डॉग नावाचं सेटिंग आहे, नाव वाचून वाटतं काहीतरी भयंकर होणार, प्रत्यक्षात पातळसर, कुईकुई करणारा आवाज येतो पण मिक्समध्ये तो इतका छान बसतो की विचारू नका. स्प्लिट साउंड म्हणून पण एक आहे, त्यात जाड तारा एका पिकअपवरून आणि बारीक तारा दुसऱ्यावरून. १९६० च्या सुरुवातीला हा विचार! बजेट कमी असेल तर मोठी मॉडेल सोडा आणि ट्राय-सॉनिकवालं साधं मॉडेल शोधा, असा माझा सल्ला.

हॅगस्ट्रॉम, माझी रोजची. माझ्याकडे साठच्या दशकातली हॅगस्ट्रॉम टू आहे आणि नेकच्या बाबतीत ती माझ्या बाकी सगळ्या गिटारींना मागे टाकते. यांनी एच-एक्सपांडर नावाचा ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) काढला होता, साध्या गोल रॉडऐवजी एच आकाराची धातूची पट्टी, त्यामुळे नेक अगदी पातळ ठेवता आला आणि तरी वाकत नाही. जाहिरातीत "जगातला सर्वात फास्ट नेक" वगैरे छापायचे, जाहिरात म्हणून सोडून द्या, पण हात खरंच पळतो. पिकअप सिंगल कॉइल, स्वच्छ, थोडे थंड. थंड म्हणजे वाईट अर्थाने नाही. कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, डिस्टॉर्शन लावलं तरी चिखल होत नाही. स्विच मात्र छोटे सरकवायचे, गाणं चालू असताना अंधारात बोटाने शोधत बसायचं, ते मला आजही आवडलेलं नाही.

हॅगस्ट्रॉमच्या पिकअपची लायकी कळायची असेल तर बेस बघा. यांचे बाय-सॉनिक पिकअप अमेरिकेच्या गिल्ड कंपनीने स्टारफायर बेसवर लावले, आणि तोच बेस जेफरसन एअरप्लेनचा जॅक कॅसडी आणि ग्रेटफुल डेडचा फिल लेश वाजवायचे. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा तो गाजलेला बेस टोन स्वीडनमधल्या अकॉर्डियन कंपनीच्या कॉइलमधून! हेंड्रिक्सकडे यांचा आठ तारांचा बेस होता, एल्व्हिसच्या हातात १९६८ च्या टीव्ही कार्यक्रमात लाल हॅगस्ट्रॉम व्हायकिंग दिसते. एवढं असून १९८३ मध्ये कारखाना बंद पडला. नंतर नाव परत आलं आशियात बनवलेल्या गिटारींवर, त्या वाईट नाहीत पण हा रिव्ह्यू त्यांचा नाही.

हॉफनर बद्दल लोकांना माहिती आहे ती फक्त बीटल्सच्या मॅकार्टनीच्या व्हायोलिन बेसमुळे. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला तो पहिला बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि पन्नासेक वर्षांनी सापडला, २०२४ मध्ये जाहीर झालं, बातमी सगळ्यांनी वाचली असेल. पण हॉफनरच्या गिटारींकडे कोणी बघत नाही याचं मला वाईट वाटतं. क्लब ४०, क्लब ५०, क्लब ६०, प्रेसिडेंट, व्हेरिथिन, ही सगळी मंडळी सेल्मर कंपनीमार्फत ब्रिटनमध्ये विकली जायची, लेननकडे क्लब ४० होती, हॅरिसनकडे प्रेसिडेंट. व्हायोलिनवाल्यांचा कारखाना असल्याने लाकूडकाम सुरेख, बॉडी पोकळ आणि हलकी, आणि पिकअपचा आवाज उबदार पण त्यात एक लाकडी "ठक" आहे, तार छेडल्याचा क्षण स्पष्ट ऐकू येतो. जाझ, जुनं रॉकअबिली, आणि हो, स्लाइडसाठी पण उत्तम. पिकअप दर काही वर्षांनी बदलत गेले, टोस्टर, डायमंड, स्टेपल, ब्लेड अशी त्यांना टोपणनावं आहेत, वर्ष ओळखायला पण त्याचा उपयोग होतो. मला स्टेपलवाले जास्त आवडतात, ब्लेडवाले जरा सपाट वाटतात, पण यावर भांडणं होतात आणि होऊ देत.

कंट्रोल पॅनेलवर मात्र हसावं की रडावं कळत नाही. रिदम, सोलो, ट्रेबल ऑन, बेस ऑन असे स्विच, आणि लेबलवर जे लिहिलंय त्यावरून काय होणार याचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल. वाचू नका, कानाने ठरवा.

फ्रामुस वर पटकन. स्टार बेस रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनमुळे प्रसिद्ध. गिटारींमध्ये खरी कमाल नेकची, पातळ पातळ थर चिकटवून केलेला नेक, कडेने बघितलं तर रेघा रेघा दिसतात आणि साठ वर्षांनी पण सरळ असतो. पिकअप चांगले, पण बर्न्सइतके बोलके नाहीत असं माझं मत. १९७० च्या दशकात कंपनी बुडाली, पुढे विल्फरच्याच मुलाने वॉरविक काढली आणि १९९५ मध्ये फ्रामुस नाव परत आणलं.

इटलीकडे आलं की गंमत वाढते आणि भरवसा कमी होतो. एको ७०० चा आकार बघा, तीन ठिकाणी खाचा, स्पार्कल, बटणं. बटणं दाबून पिकअपची वेगवेगळी कॉम्बिनेशन मिळतात, काही अगदी बारीक आणि किनरी, काही इतकी सुंदर की वाटतं रेकॉर्डिंगमध्ये दुसरं काही नकोच. आउटपुट कमी आहे, मेटल वाजवायला घेऊ नका, पण सर्फ, गराज, ट्रेमोलो (आवाज लहरत ठेवणारा इफेक्ट) लावून हळू कॉर्ड, यासाठी हातची सोडू नये. साठच्या दशकात व्हॉक्सच्या बऱ्याच गिटारी पण एकोच्याच कारखान्यात बनायच्या, त्यामुळे व्हॉक्सचं नाव बघून दुप्पट पैसे द्यायच्या आधी एको ऐकून बघा.

आणि वांद्रे. आपल्या मुंबईतलं नाही हां! अंतोनियो पिओली हा काव्रियागोचा माणूस, टोपणनाव वांद्रे, याने १९५० च्या शेवटापासून साधारण दहाएक वर्षं अशा गिटारी बनवल्या की बघून प्रश्न पडतो हे वाद्य आहे की चित्र. ॲल्युमिनियमचा नेक, रॉक ओव्हल या मॉडेलसारखे आकार, आणि पिकअप पार्माच्या दावोलीचे. दावोलीचा पिकअप हा या सगळ्या पोस्टमधला छुपा हिरो आहे माझ्या मते, दाट, गोड, आणि ॲल्युमिनियम नेकमुळे जी धातूची झिणझिण येते तिला बरोबर आवरतो. अमेरिकन गिटारिस्ट बडी मिलर वर्षानुवर्षं वांद्रे वाजवतोय आणि त्याचा ट्रेमोलोतला आवाज ऐकला की मुद्दा कळतो. पण या आता कलाकृतींच्या भावात गेल्यात. दावोलीचे पिकअप मात्र दुसऱ्या इटालियन गिटारींवर पण सापडतात, लक्ष ठेवा.

चेकोस्लोव्हाकियातली रेझोनेट ग्राझिओसो, जी ब्रिटनमध्ये फ्युचुरामा नावाने विकली, ती १९५९ मध्ये हॅरिसनने लिव्हरपूलला घेतली होती. तीन पिकअप, प्रत्येकाला स्वतःचा स्विच. वाजवायला कठीण म्हणून बदनाम आणि ती बदनामी खोटी नाही, ॲक्शन, म्हणजे नेकपासून तारांचं अंतर, जास्त असते. आवाज मात्र कडक, तुकडे पडतील असा. पुढे चेकमध्ये योलाना ब्रँड आला, ते आजही बऱ्यापैकी आवाक्यात मिळतं आणि पूर्व युरोपात सुरुवात करायची तर मी योलानापासून करेन. सोव्हिएत उराल आणि टोनिका यांचे चाहते मला शिव्या घालतील पण त्या वजनाला आणि त्या नेकला माझा नमस्कार.

आता घ्यायची असेल तर काय बघायचं, कारण इथे लोक फसतात आणि मग गिटारीला नावं ठेवतात.

पहिलं म्हणजे तारा. या गिटारी जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, तारांसाठी बनल्या होत्या. तुम्ही त्यावर नऊच्या (०.००९ इंच) बारीक तारा चढवणार, मग ब्रिजवर दाब पडणार नाही, ब्रिज उड्या मारणार, सगळं खुळखुळणार आणि तुम्ही म्हणणार "कचरा आहे". निदान अकरा लावा, बारा फ्लॅट लावलीत तर अजून चांगलं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. बऱ्याच मॉडेलना झिरो फ्रेट, म्हणजे नेकच्या टोकाशी बसवलेली जादा पट्टी, असतो, त्यात तारांच्या खाचा पडल्या असतील तर ओपन तार भणभणते, तो एक फ्रेट बदलायचा, काम मोठं नाही. नेक सरळ आहे का हे मात्र आधी डोळा लावून बघा, कारण स्वस्त मॉडेलमध्ये काही ठिकाणी ट्रस रॉड ॲडजस्टच होत नाही, आणि वाकलेला असा नेक सरळ करायचा खर्च गिटारीपेक्षा जास्त.

दुसरं, सेल्युलॉइड. जुनं सेल्युलॉइड सडतं, पिकगार्ड किंवा बाइंडिंगला भेगा पडतात, चुरा होतो, आंबूस वास येतो आणि त्यातून निघणारी वाफ शेजारचे स्क्रू, फ्रेट, पिकअपचं कव्हर सगळं खाऊन टाकते. केस उघडल्यावर तसा वास आला तर तो भाग काढून गिटारीपासून लांब ठेवा. आणि सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, तेव्हा सोल्डरिंग आयर्न जवळ नेताना जपून.

तिसरं पिकअप. मीटरवर ओपन दाखवत असेल तर कॉइल तुटलीये, बऱ्याचदा कॉइलची तार जिथे बाहेर येते तिथेच तुटलेली असते आणि चांगला माणूस ती जोडू शकतो, लगेच रिवाइंड करायला (कॉइल नव्याने गुंडाळायला) देऊ नका, कारण रिवाइंड केल्यावर तो पिकअप त्या माणसाचा होतो, हॉफनरचा राहत नाही. शिट्टी मारत असेल तर आधी कव्हर सैल आहे का बघा, खाली फोमची पातळ पट्टी देऊन भागतं का बघा, मग मेणात बुडवायचा विचार. मेण पण गरम फार नको, आणि प्लास्टिकची कव्हर आधी काढून, नाहीतर वितळतील. थोडा मायक्रोफोनिकपणा राहू द्यावा या मताचा मी आहे. बोटांचा स्पर्श, बॉडीवरची टकटक जी ऐकू येते ती त्यातूनच येते, सगळं सीलबंद केलं की मजा अर्धी.

आवाज मंद वाटत असेल तर पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे कंट्रोल, तपासा. जुने पॉट झिजून किंवा मुळातच कमी व्हॅल्यूचे असल्याने वरचा पीक मारून टाकतात. जुनं वायरिंग जसंच्या तसं काढून पिशवीत ठेवा आणि ५०० के पॉटचं नवीन वायरिंग टाकून ऐका, कधी कधी गिटार बदलल्यासारखं वाटतं. पार्ट मागवताना लक्षात ठेवा की इथे स्क्रू, शाफ्ट सगळं मेट्रिक आहे, अमेरिकन पार्ट सरळ बसत नाहीत, आणि ड्रिल काढलंत तर माझ्याशी बोलू नका. पूर्वेकडच्या गिटारींवर जॅकच्या जागी पाच पिनचं डिन सॉकेट दिसेल, त्याला ॲडॅप्टर केबल बनते, भोक मोठं करायची गरज नाही.

कोणी घेऊ नये? ज्याला एकच गिटार ठेवायची आहे आणि शनिवारी बँडमध्ये घेऊन जायची आहे, त्याने नको. ज्याला हाय गेन, म्हणजे खूप डिस्टॉर्शन, हवं त्यानेही नको. बाकी ज्याच्याकडे एक चालू गिटार आहे आणि जो त्याच त्या आवाजाला कंटाळलाय, त्याने एक घ्यावीच.

माझी गुणांकनं, भांडायला मोकळे: बर्न्स ट्राय-सॉनिक आवाजाला दहापैकी दहा, शांत राहण्याला चार. हॅगस्ट्रॉम टू आवाज आठ, नेक दहा, स्विच तीन. हॉफनर क्लब आवाज नऊ, कंट्रोल पॅनेलला मार्कच देत नाही. एको ७०० आवाज सात, दिसण्याला दहा. फ्रामुस सगळ्यातच सात. फ्युचुरामा आवाज आठ, बोटांचे हाल. पहिल्यांदाच घेत असाल तर हॅगस्ट्रॉम घ्या, दुसरी हॉफनर, आणि तोपर्यंत सवय लागलेली असेल, तिसरी तुमची तुम्हीच शोधाल.